गुलमर्गसाठी स्की निवडताना: रिसॉर्ट, बॅककंट्री आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की गुलमर्गची तिकिटं काढणारी मंडळी हे प्रश्न विचारू लागतात. बहुतेक जण सह्याद्रीत भटकणारे असतात. एखादा बेसिक कोर्स झालेला असतो आणि आता स्वतःची स्की घ्यावी असं मनात असतं. उत्तरं गुलमर्ग डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. औली किंवा सोलांगला जाणाऱ्यांनाही बरीचशी लागू पडतील. परदेशात राहणाऱ्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

पहिल्यांदाच जातोय. स्की विकत घेऊ का?

नको. आधी कोर्स करा. गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, पहलगामची जवाहर संस्था आणि मनालीची पर्वतारोहण संस्थाही स्कीइंगचे कोर्स घेतात, औलीला गढवाल मंडळ विकास निगमचे वर्ग चालतात. तिथे स्की, बूट, पोल बहुधा कोर्सबरोबरच मिळतात. शिकण्यासाठीची स्की आखूड, मऊ आणि अरुंद असते. पुढच्या वर्षी तीच तुम्हाला अपुरी वाटणार, मग पैसे अडकवायचे कशाला?

मग आधी काय घ्यायचं?

बूट. यावर माझं मत अजिबात हलत नाही. भाड्याची स्की थोडी इकडची तिकडची असली तरी चालून जाते, पण भाड्याचा ढिला बूट सबंध आठवडा वाया घालवतो. पाय आत हलला की गुडघ्याने दिलेला इशारा स्कीच्या कडेपर्यंत पोहोचतच नाही.

ट्रेकचे बूट घेताना उतारावर नख आपटू नये म्हणून आपण अर्धा नंबर मोठा घेतो. ती सवय इथे सोडावी लागते. स्की बुटाचा नंबर पायाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर असतो, २६.५ वगैरे. दुकानात बुटाचं आतलं मऊ अस्तर काढा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दीड बोट जागा राहिली तर माप योग्य, दोन बोटं सहज गेली तर बूट मोठा. अस्तर घालून सरळ उभं राहिलात की बोटं पुढे टेकतील. गुडघे वाकवून पुढे झुकलात की ती सुटली पाहिजेत. मोजा एकच आणि पातळ. थंडी वाजते म्हणून दोन जाड मोजे चढवले की रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतो.

आयुष्यभर चपला-सँडल वापरलेल्यांचा पंजा बऱ्याचदा रुंद असतो. त्यामुळे बुटाची आतली रुंदी १०० ते १०२ मिलिमीटरची असेल असं बघा. बुटाचा कडकपणा दाखवणारा फ्लेक्सचा आकडा सुरुवातीला ८० ते १०० पुरे. मात्र एका कंपनीचा १०० दुसऱ्या कंपनीच्या १०० इतकाच कडक असेल असं नाही, कारण यासाठी सर्वमान्य मोजमापच नाही.

रिसॉर्टची स्की आणि बॅककंट्रीची स्की यांत नेमका फरक काय?

रिसॉर्ट म्हणजे लिफ्टने पोहोचायची, देखरेख असलेली जागा; बॅककंट्री म्हणजे त्यापलीकडचा मोकळा डोंगर, जिथे स्वतःच चढून जायचं. उतरताना दोन्ही स्की एकाच बर्फावर असू शकतात. फरक आहे तो वर कसं जायचं याचा. गुलमर्गचंच घ्या. गाव सुमारे २,६५० मीटरवर. गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, पहिल्या टप्प्याने कोंगदूरी, दुसऱ्याने अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९८० मीटरपर्यंत. हा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि गुलमर्गचं नाव जगभर झालं ते त्याच्यामुळे. तिथून खाली यंत्राने दाबून सपाट केलेला उतार जवळपास नाहीच, आहे तो पडेल तसा बर्फ. म्हणजे उतार बॅककंट्रीसारखा आणि चढ मात्र लिफ्टचा.

लिफ्टने चढायचं असेल तर स्की जड असलेलीच बरी, कारण जड स्की खडबडीत बर्फावर थरथरत नाही. स्वतःच्या पायांनी चढायचं असेल तर प्रत्येक शंभर ग्रॅम मोजावे लागतात. म्हणून दुकानात शिरण्याआधी एवढंच ठरवा: दहा दिवसांतले किती दिवस गोंडोला आणि किती दिवस पायी? वर्षानुवर्षं 'पुढच्या वेळी टूरिंग (पायी चढून स्कीइंग) करू' म्हणणाऱ्यांनी शून्य धरावेत.

कंबर किती मिलिमीटरची हवी?

स्कीवर १३०-९८-११८ असे तीन आकडे असतात: टोक, कंबर, शेपटी. लक्ष मधल्या आकड्याकडे द्यायचं. ७० ते ८५ म्हणजे दाबलेल्या कडक बर्फाची स्की, वळणाला चटकन कडेवर चढणारी. ८५ ते १०० सगळीकडे चालणारी. १०० ते ११० मऊ, खोल बर्फासाठी, आणि त्यापुढची फक्त ताज्या पावडरच्या, म्हणजे भुसभुशीत बर्फाच्या, दिवसांसाठी.

गुलमर्गचा बर्फ पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांबरोबर येतो. २१ डिसेंबरपासून चिल्लई कलानचे चाळीस दिवस थंडी कडक असते, तेव्हा पडणारा बर्फ कोरडा आणि हलका. व्हिडिओत दिसणारी पावडर ती हीच. ती बघून लोक ११५ची स्की घेऊन येतात. पण विक्षोभ तुमच्या रजेचं वेळापत्रक बघून येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पहिले काही आठवडे गुलमर्गचे उतार बर्फाविना जवळपास उघडेबोडकेच होते. बर्फ पडून चार दिवस झाले की ठरलेल्या वाटा तुडवून कडक होतात, आणि कडक बर्फावर रुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आणताना गुडघ्याची परीक्षा होते. एकच जोडी घेणार असाल तर ९५ ते १०२ या पट्ट्यातून बाहेर पडू नका.

रॉकर, कॅम्बर म्हणजे काय? दुकानात कसं ओळखायचं?

दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा आणि बाजूने बघा. मधे, बूट बसतो तिथे फट दिसली तर तो कॅम्बर, म्हणजे स्कीची कमान. तुमच्या वजनाने ती दबते आणि कड पूर्ण लांबीभर बर्फात रुतते. आता मधली फट हाताने दाबून मिटवा आणि टोकाकडे बघा. दोन्ही टोकं बरीच आधीपासून एकमेकींपासून दूर जात असतील तर तो रॉकर. तो टोक मऊ बर्फात बुडू देत नाही.

२००२ मध्ये शेन मॅककॉन्की या स्कीअरच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीने स्पॅट्युला नावाची पूर्ण उलट्या कमानीची स्की काढली. पावडरमध्ये ती कमाल होती आणि कडक बर्फावर त्रासदायक. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्की मधला मार्ग काढतात: टोकाला रॉकर, पायाखाली कमान, शेपटी थोडीशी उचललेली. गुलमर्गला हाच आकार घ्या.

लांबी किती?

शिकाऊ असाल तर हनुवटी ते नाक, सराव असेल तर कपाळ ते डोक्याइतकी. उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, कारण स्की वाकवायचं काम वजन करतं. टोकाला मोठा रॉकर असेल तर कडक बर्फाला टेकणारी लांबी कमी होते, म्हणून तशी स्की पाच-सात सेंटिमीटर लांब घेतली तरी जड जात नाही. टूरिंगला उलट करा. चढावर नागमोडी वळणं घेताना आखूड स्की हाताळायला सोपी.

दोन स्कींची तुलना करताना आकडे कसे वाचायचे?

आधी दोन्हींची लांबी सारखी आहे ना ते बघा. कंपन्या वजन आणि वळणाची त्रिज्या एखाद्याच लांबीसाठी छापतात. १७२ सेंटिमीटरच्या स्कीचं वजन १८४च्या वजनाशी ताडून 'ही हलकी' म्हणण्यात अर्थ नाही. वजन एका स्कीचं आहे की जोडीचं, हेही तपासा. युरोपीय टूरिंग स्कीवर बहुधा एकीचं असतं.

समजा दोन्ही १७८ची, कंबर ९८. पहिली २,०५० ग्रॅमची, दुसरी १,३५० ग्रॅमची. कागदावर आकार एकच, पण आत सगळंच वेगळं. पहिलीत लाकडी गाभ्याच्या वर-खाली टायटॅनल या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे असणार. नॉर्डिकाची एन्फोर्सर ही अशा बांधणीची ठळक स्की. दुसरीत पॉलोनियासारखं हलकं लाकूड आणि कार्बन, ब्लिझर्डच्या झिरो जी मालिकेसारखं. दुपारनंतर उतार खडबडीत झाला की पहिली गाळातून बैलगाडी जावी तशी सगळं दाबत जाते, दुसरी प्रत्येक ढेकळावर उडते. चढावर मात्र पहिली घेऊन निघालात तर तासाभरात खालच्या चहाची आठवण येईल.

मग त्रिज्या. १४-१६ मीटरची स्की पटापट आखूड वळणं घेते, २० च्या पुढची लांब आणि वेगवान. गुलमर्गच्या झाडीतून बाबारेशीकडे उतरायचं असेल तर १७-१८ च्या आसपास बरी.

कडकपणा मात्र छापलेला नसतो. शेपटी जमिनीवर टेकवा, एका हाताने टोक धरा, दुसऱ्या तळव्याने मधे दाबा. टोक सहज वाकलं आणि शेपटी ताठ राहिली तर स्की वळणात शिरायला सोपी, पण मागे झुकणाऱ्याला पळवून नेणारी. सगळीच मऊ असेल तर वेगात भरवसा नाही. दोन-तीन स्की अशा एकापाठोपाठ दाबून बघा, हाताला फरक लगेच कळतो.

टूरिंगसाठी किती हलकी घ्यावी?

९० ते १०० कंबरेची, एकीचं वजन १,३०० ते १,५५० ग्रॅम. याहून हलकी स्की शर्यतवाल्यांनी घ्यावी. तुमचं तंत्र पक्कं नसेल तर उतरताना ती तुम्हालाच हलवेल. सह्याद्रीवाल्यांची गंमत अशी की चढाची ताकद भरपूर असते आणि उतरण्याचं कौशल्य नवं. अशांनी चढावर थोडं जास्त वजन ओढावं आणि उतरताना स्थिर राहावं.

बाइंडिंगचे प्रकार इतके का? कोणतं घ्यावं?

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी यंत्रणा. बॅककंट्रीत सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या बाइंडिंगवर जातात. चार घराणी आहेत.

साधं अल्पाइन बाइंडिंग बुटाची टाच आणि चवडा दोन्ही पकडून ठेवतं. पडल्यावर सुटण्याच्या बाबतीत ते भरवशाचं, पण टाच मोकळी होत नाही, म्हणजे चढाईला उपयोग शून्य.

पिन बाइंडिंग ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८०च्या दशकात घडवलं आणि पुढे डायनाफिटच्या नावाने ते पसरलं. बुटाच्या चवड्याला दोन्ही बाजूंनी दोन खिळे पकडतात आणि बूट त्यांच्याभोवती बिजागरीसारखा फिरतो. वजन ३००-४०० ग्रॅमच्या घरात. बुटात त्यासाठी धातूच्या खाचा असाव्या लागतात, साध्या रिसॉर्ट बुटाला ते बसत नाही. चढताना पुढचा खटका कुलूपबंद करतात. तो उतरताना तसाच ठेवला तर पडल्यावर स्की सुटत नाही. उतरण्याआधी दोन्ही पायांचे खटके जोडीदारांनी एकमेकांचे तपासावेत.

हायब्रिडमध्ये चढताना खिळे आणि उतरताना अल्पाइनची पकड. सॅलोमनची शिफ्ट २०१८ मध्ये आली आणि हा प्रकार रुळला. वजन पिनच्या दुपटीहून जास्त. बर्फ साचला की खटके कुरकुरतात, पण सात दिवस गोंडोला आणि तीन दिवस चढाई करणाऱ्याला याहून सोयीचं दुसरं नाही.

चौथं फ्रेम बाइंडिंग. टाचेबरोबर अख्खी पट्टी उचलावी लागते. सेकंडहँड स्वस्त मिळतं, तरी मी सुचवणार नाही.

ब्रेकची रुंदी स्कीच्या कंबरेइतकी किंवा फार तर १५ मिलिमीटर जास्त असावी. कमी असेल तर ब्रेक खाली उतरतच नाही आणि सुटलेली स्की थेट खालच्या द्रंग गावाला पोहोचते.

बाइंडिंगचा आकडा मित्राच्या बाइंडिंगइतकाच लावला तर?

नाही. स्की कधी सुटावी हे ठरवणारा तो आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून तक्त्यातून काढतात. तळाची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. तिचा फोटो फोनमध्ये ठेवा. आणि दुकानदाराला आपलं कौशल्य फुगवून सांगू नका. आकडा वाढतो आणि गुडघ्याच्या अस्थिबंधाची पाळी येते.

स्वतःचे बूट नेले तर गुलमर्गच्या भाड्याच्या स्कीत बसतील का?

तळावर अवलंबून. जुनी अल्पाइन बाइंडिंग सपाट, कडक तळासाठी बनलेली आहेत. नव्या बुटांना चालायला सोपा, किंचित गोलाकार रबरी तळ असतो, त्याला ग्रिपवॉक म्हणतात. टूरिंग बुटाचा तळ आणखी वेगळा. जुन्या बाइंडिंगमध्ये असा बूट खटकन बसतो, सगळं ठीक वाटतं, पण सुटायच्या वेळी तळ अडकतो. बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण आहे का बघा. नसेल तर दुसरी स्की मागा.

भाड्याची किंवा सेकंडहँड स्की घेताना काय तपासायचं?

स्की उलटी करून उजेडाकडे तिरकी धरा. तळावरचे उथळ ओरखडे सोडून द्या. लाकूड दिसेल इतका खोल खड्डा असेल, विशेषतः कडेला लागून, तर ती स्की ठेवून द्या. तिथून पाणी आत शिरतं. पोलादी कडेवरून नख फिरवा. कुठे अडखळलं तर कड फुटली आहे. बोटाच्या पेराने कडेची जाडी बघा. यंत्रावर घासून घासून ती कागदासारखी झालेली असेल तर पुढे धार लावायला काही उरलेलं नाही. टोक आणि शेपटीपाशी थर सुटलेत का? अंगठ्याने उकलून बघा. वरच्या रंगाचे टवके उडाले असतील तर चिंता नाही, तो नुसता शृंगार.

सेकंडहँडमध्ये बाइंडिंगची जुनी भोकं मोजा. दोनदा बसवलेली चालते, तिसऱ्यांदा भोकं पाडायची वेळ आली तर नको. फार जुन्या मॉडेलच्या बाइंडिंगला कंपनी जबाबदारी घेत नाही, मग शहाणं दुकान त्याला हात लावत नाही.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवू का? तिकडे मार्च-एप्रिलात सेल असतात.

स्की मागवा. आधीच्या वर्षीचं मॉडेल खुशाल घ्या, बऱ्याचदा बदल फक्त रंगाचा असतो. बूट मात्र स्वतःच्या पायात घातल्याशिवाय नको. बाइंडिंग बसवायला बुटाच्या तळाची लांबी लागते. तो आकडा आधी कळवा आणि भावाला दुकानातूनच बसवून घ्यायला सांगा. घरच्या ड्रिलने बसवू नका.

मी कॅलिफोर्नियातल्या बे एरियात किंवा म्युनिकला राहतो. हेच धरून चालू का?

तंतोतंत नाही. बे एरियावाले जातात त्या ताहोला येणारा सिएरा पर्वतरांगेचा बर्फ ओला आणि जड, तिथले लोक त्याला सिमेंट म्हणतात. तिथे १०० ते १०६ची, थोडी वजनदार, धातू घातलेली स्की कामाला येते. युटाची हवा कोरडी, तिथे रुंदीला वाव जास्त. म्युनिककर आल्प्समध्ये जाणार. तिथे पायी चढण्याची परंपरा जुनी आहे आणि दिवसाला हजार मीटर चढणं सर्रास, म्हणून ८५ ते ९५ कंबरेची हलकी स्की आणि पिन बाइंडिंग. तुम्ही दरवर्षी कुठे पंधरा दिवस घालवता त्या जागेची स्की घ्या. गुलमर्गच्या एका आठवड्यासाठी भाड्याची पुरे.

स्किन कशी निवडायची, कशी कापायची?

स्किन म्हणजे चढताना तळाला चिकटवायची केसाळ पट्टी. पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. मोहेअर (शेळीचे केस) घसरायला छान, नायलॉन पकडीला. मिश्रण घ्या. रुंद पट्टी चिकटवून स्कीच्या आकाराने कापतात. दोन्ही पोलादी कडा उघड्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर तिरक्या कडक उतारावर कड बर्फाला लागतच नाही. वर पोहोचल्यावर काढलेली स्किन सॅकमध्ये नको, जॅकेटच्या आत छातीशी ठेवा. गोंद गारठला की दुसऱ्या चढाला चिकटत नाही.

गोंडोलानेच जाणार असू तर हिमस्खलनाची साधनं लागतात का?

दुसऱ्या टप्प्यावरून उतरणार असाल तर हो. बीकन (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, तिन्ही, प्रत्येकाकडे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गला एक रशियन स्कीअर हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. गाडलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात मदत पथक पोहोचत नाही, शोधायचं तुमच्या जोडीदारानेच. बजेट मर्यादित असेल तर स्की भाड्याची घ्या आणि बीकन स्वतःचा. डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक सकाळी बघा, स्थानिक गाइड घ्या आणि स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाने, बंद केलेल्या उतारावर जाऊ नका.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एक सूचना: बीकन आणायला हरकत नाही, पण सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय चालत नाहीत. ती बाळगल्याबद्दल विमानतळावर अडवलेली माणसं आहेत. हिमस्खलनात फुगणाऱ्या एअरबॅग सॅकच्या गॅस सिलिंडरसाठी विमान कंपनीची लेखी संमती आधीच मागा.

मुंबईत, कोकणात स्की ठेवायची कशी?

पावसाळा हा स्कीचा खरा शत्रू. परत आल्यावर कडा कोरड्या पुसा. नखाएवढा जरी गंज दिसला तरी घासून काढा. मग तळावर जाड मेण वितळवून लावा, कडांवरही ओघळू द्या, आणि ते न खरवडता तसंच ठेवा. खरवडायचं पुढच्या डिसेंबरात. प्रवासाच्या बंद पिशवीत ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. पत्र्याच्या छताखालचा माळा टाळा. उन्हाळ्यात तिथे स्किनचा गोंद पाघळून त्यावर लावून ठेवायच्या जाळीला चिकटतो आणि मग ती पट्टी सोलता सोलत नाही. कपाटामागे, आतल्या भिंतीला, दोन्ही स्की सैल पट्ट्याने बांधून उभ्या ठेवा. करकचून आवळल्या तर कमान बसते. स्किन जाळी लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. बाइंडिंगचे स्प्रिंग ढिले करावेत की नाही यावर दोन मतं आहेत. ढिले केलेत तर पुढच्या हंगामात आकडा पुन्हा लावून घेण्याची आठवण ठेवा.